एकीकडचं विमान

खाजगी विमानाने जायचं झालं तर पैसे भरण्याच्या पाच पद्धती असतात. पाचही मला तोंडपाठ आहेत. हे ज्ञान डोक्यात घेऊन मी रोज सकाळी दहा वाजता चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे उभी राहते, आणि आजवर एकाही गिऱ्हाइकाने त्याबद्दल चौकशी केलेली नाही. फ्रेम सैल झाली, काच निसटली, नाकावर वळ उठतो, एवढंच लोकांचं म्हणणं असतं. एकदा एका गृहस्थांनी विचारलं, "काय बाई, नवीन काय?" तेव्हा अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांना चष्म्याचं घर हवं होतं.

सगळं सुरू झालं ते एका फोनने. सासूबाईंची थोरली बहीण, वय शहाऐंशी, लांबच्या एका गावी सिमेंटच्या कारखान्याच्या वसाहतीत मुलाकडे राहते. दर रविवारी दोघी फोनवर बोलतात, म्हणजे थोरली बोलते आणि सासूबाई "हं" म्हणतात. प्रत्यक्ष भेट होऊन नऊ वर्षं झाली. त्या रविवारी थोरली फारशी बोलली नाही. "अंथरूण धरलंय गं. आता भेट होईलसं वाटत नाही," एवढंच म्हणाली. फोन ठेवल्यावर सासूबाई अर्धा तास फोनशेजारीच बसून राहिल्या, जणू त्याला एकटं सोडून उठणं बरं दिसलं नसतं.

भेटायला जावं तर कसं? सासूबाईंच्या खुब्यात मागच्या वर्षी सळई घातलेली. वीस मिनिटं सरळ बसल्या की पाय बधिर होतो. आगगाडीने एकतीस तास. साधं विमान दोनदा बदलायचं, आणि शेवटचं जिथे उतरवतं तिथून पुढे खड्ड्यांच्या रस्त्याने सात तास मोटार. डॉक्टर म्हणाले, "आडवं झोपवून, थेट नेता आलं तर बघा." डॉक्टरांचं बरं असतं. लिहून द्यायचं, मग औषध बाजारात मिळो न मिळो.

"कारखान्याची स्वतःची धावपट्टी आहे तिथे," हे म्हणाले. "पण साधं विमान नाही उतरत."

"मग जे उतरतं ते बघ," सासूबाई म्हणाल्या.

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. काठी टेकत आत गेल्या आणि कपाटातून बँकेतल्या ठेवीची पावती घेऊन आल्या. "शेवटच्या आजारपणासाठी ठेवलेत, तीस वर्षं. आजारी पडून दवाखान्याला देण्यापेक्षा आधीच खर्च करते. पडलेच आजारी तर लवकर आटपेन."

आता ह्यांच्याविषयी सांगणं भाग आहे. आमचे हे एका मोठ्या कंपनीत खरेदी विभागात आहेत. तीन दरपत्रकं आल्याशिवाय कुठलीही वस्तू घ्यायची नाही हा तिथला नियम, आणि तो त्यांच्या रक्तात उतरलाय. दात घासायचा ब्रशसुद्धा तीन दुकानांत भाव काढून येतो. मला बघायला येण्याआधी त्यांनी आणखी दोन ठिकाणी मुली बघितल्या होत्या, हे मला लग्नानंतर समजलं. मी तांत्रिकदृष्ट्या योग्य ठरले की सर्वांत कमी दराची, ते मात्र अजून समजलेलं नाही.

तर ह्यांनी तीन विमान कंपन्यांना फोन लावले. त्यातल्या एका कंपनीच्या बाईंचा आवाज इतका मऊ होता की तो ऐकून मी घरातल्या घरात केस सारखे केले. ह्यांनी त्यांना एकोणतीस प्रश्न विचारले. थांबायचं भाडं वेगळं का? वैमानिकांचं जेवण कोणाकडे? वाटेत वारा उलटा लागला तर जास्तीचा वेळ कोणाच्या खाती? बाईंनी सगळ्यांची उत्तरं दिली आणि शेवटी अदबीने विचारलं, "सर, आपली सध्या किती विमानं आहेत?" इतक्या बारीक चौकशा फक्त अतिश्रीमंतच करतात असा त्यांचा अनुभव होता. हे चार दिवस जरा ताठ चालत होते.

तीन दरपत्रकं आली, आणि तिथेच घोटाळा झाला. तिन्हींचा एकमेकींशी मेळच बसेना. पहिली कंपनी तासावर भाडं सांगत होती. त्यात विमान आपल्याला घ्यायला येणार त्याचे पैसे आपण द्यायचे आणि आपल्याला सोडून घरी जाणार त्याचेही आपणच. दुसरीने कार्ड सुचवलं. पंचवीस तासांचे पैसे आधी भरून ठेवायचे, उडाल तसे तास वजा, आणि वर्षात संपवले नाहीत तर तास गेले. ह्यांनी हिशेब केला की थोरलीकडे जायला दीड तास लागेल, उरलेल्या साडेतेवीस तासांत आम्ही कुठे जाणार? आमचे बाकीचे सगळे नातेवाईक तीन बसथांब्यांच्या आत राहतात.

तिसरी म्हणाली, विमानात हिस्साच घ्या. सोळावा.

हा सोळावा हिस्सा वरच्या मजल्यावर पोचला. तिथे मोजणीकाका राहतात. उभा जन्म जमिनी मोजण्यात गेला त्यांचा. घरात साखळी आहे, टेप आहे, आणि भिंतीवर एक कंपास आहे, ज्याच्यावरून काकूंना रोज आठवण होते की आपलं घर चार अंश वायव्येला कललेलं आहे. काका जिना उतरून खाली आले आणि दरपत्रक डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "सोळावा म्हणजे कोणता सोळावा?"

"म्हणजे?"

"अरे बाबा, हद्द कुठे दाखवलीय? नाकाकडचा आहे की शेपटाकडचा? उद्या बाकीचे पंधरा जण म्हणाले तुमच्या वाट्याला चाकं आली, तर कोर्टात काय दाखवशील?"

ह्यांनी फोन करून विचारलं. हद्द नसते म्हणाले. पण दरमहा देखभाल द्यावी लागते, विमान वापरा न वापरा.

"म्हणजे आपल्या इमारतीसारखंच," काकू म्हणाल्या. "लिफ्ट बंद असली तरी भरायचेच."

"आणि करार पाच वर्षांचा," हे म्हणाले.

सासूबाई पलंगावरून ऐकत होत्या. "मग मी गेल्यावर माझा सोळावा कोणाच्या नावावर?" त्यांनी विचारलं. ह्यांच्या दोघी बहिणींना ही बातमी अजून कळली नव्हती आणि कळू नये असं सगळ्यांनाच वाटलं.

चौथी पद्धत सभासद होण्याची. वर्षाची फी भरायची, मग प्रवासाचे पैसे वेगळे. म्हणजे दुकानात शिरायचे पैसे निराळे आणि चष्म्याचे निराळे. आमच्या मालकांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ विचारात पडले होते, म्हणून मी पुढे हा विषय काढला नाही.

ह्यांचं म्हणणं, पद्धती वेगवेगळ्या असतील तर तुलना होत नाही. तेव्हा प्रत्येक पद्धतीची तीन तीन दरपत्रकं मागवायची. त्यासाठी त्यांनी ऑफिसातला छापील फॉर्म आणला. मालाचे वर्णन, नग, दर, पोचण्याचा कालावधी. "घाईत घेतलेला निर्णय महागात पडतो," हे म्हणाले. खरेदी विभागात एकवीस वर्षं काढलेल्या माणसाला यावर काय सांगणार.

या सगळ्यात अकरा दिवस गेले. मधल्या रविवारी फोनवर थोरली आलीच नाही, तिचा मुलगा बोलला. आईला फोन धरवत नाही म्हणाला. सासूबाईंनी त्यालाही "हं" म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून मी एक गोष्ट बघत होते. सकाळी आठला सासूबाई केस विंचरून, धुतलेले कपडे घालून पलंगाच्या कडेला बसायच्या. पिशवी भरून शेजारी. चपला दाराकडे तोंड करून ठेवलेल्या. पाय बधिर झाला की आडव्या व्हायच्या, पुन्हा उठून बसायच्या.

"आई, कुठे निघालात?" मी विचारलं.

"कुठे नाही. तयार असलेलं बरं."

मुलाला त्या एका शब्दाने काही बोलल्या नाहीत. तो टेबलाशी बसून रकाने आखत होता आणि त्या त्याच्या पाठीकडे बघत होत्या.

मी फार शिकलेली बाई नाही. इंग्रजी शिकले ती औषधांच्या आणि भिंगांच्या खोक्यांवरून. पण त्यामुळे एक झालं, बारीक अक्षर मी सोडत नाही. त्या दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. पर्समधून मऊ आवाजाच्या बाईंचं दरपत्रक काढलं आणि पार तळापर्यंत वाचत गेले. मुंगीएवढ्या अक्षरात शेवटची ओळ होती. एखादं विमान कोणाला आणायला रिकामं जात असेल किंवा सोडून रिकामं येत असेल, तर ती फेरी कमी दराने मिळू शकते.

ही झाली पाचवी पद्धत. वाचल्यावर मला विमान कंपन्यांबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली. अहो, लग्नानंतर आमचं सगळं सामान या घरी आलं ते रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमधून, निम्म्या भाड्यात. हे तर आमच्याच ओळखीचं काम निघालं.

भिंगांच्या कपाटामागे उभी राहून मी फोन लावला.

"मॅडम, योगच म्हणायचा," बाई म्हणाल्या. "कारखान्याच्या मालकांना आणायला आमचं विमान गुरुवारी साडेअकराला तिकडेच रिकामं जातंय. पण लगेच सांगावं लागेल. सरांना विचारता का?"

"सर कामात आहेत," मी म्हटलं. "घ्या लिहून."

लग्नानंतर तीन दरपत्रकांशिवाय मी केलेली ही पहिली खरेदी. मागून मालकांनी विचारलं, "काय हो, कुठलं भिंग संपलं?" मी म्हटलं, "विमान." ते परत विचारात पडले.

ह्यांनी रागवायला हवं होतं. पण दर ऐकून त्यांनी तो फॉर्मात लिहिला, एकदा इतर दरांकडे बघितलं, आणि नुसतेच म्हणाले, "चहा टाक." आमच्याकडे याला मंजुरी म्हणतात.

पुढचा अडसर बँकेत. मुदतीआधी ठेव मोडायची तर कारण लिहावं लागतं. आजारपण, शिक्षण, घरदुरुस्ती, इतर. मी "इतर"वर खूण करून पुढे "खाजगी विमान" लिहिलं. काउंटरवरच्या बाईंनी ते वाचलं, मग माझ्याकडे बघितलं, मग चाकाच्या खुर्चीतल्या सासूबाईंकडे. मला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसता का?"

दार काचेचं होतं आणि नीट लागत नव्हतं. म्हाताऱ्या माणसांना फसवून पैसे काढतात, अशी प्रकरणं वाढलीत म्हणे.

"आजी, घाबरू नका. सून दबाव टाकते का तुमच्यावर?"

यावर कोणत्याही सासूने लगेच "नाही" म्हणायला हवं. आमच्या सासूबाई थांबल्या. वर पंख्याकडे बघितलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. तोवर रांगेतले सगळे माझ्याकडे बघायला लागले होते आणि सुरक्षारक्षक खुर्चीवरून उठून उभा राहिला होता.

"नाही," त्या म्हणाल्या.

पैसे मिळाले. बाहेर आल्यावर मी त्यांच्याशी घर येईपर्यंत बोलले नाही, आणि ते त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

आता सगळं सुरळीत व्हायचं, तर ह्यांना विमानाचा नकाशा मिळाला. त्यात आडवं होता येईल अशी एक लांब बैठक आणि चार खुर्च्या. आम्ही तिघंच. "पैसे पूर्ण विमानाचे, आणि दोन खुर्च्या रिकाम्या नेणार?" ह्यांना घास गिळवेना. मोजणीकाकांनी त्यांची अडचण ओळखली. "चाळीस वर्षं जमीन पायांनी मोजली रे, वरून कधी बघितली नाही," म्हणाले. काका म्हटल्यावर काकू आल्या, आणि काकू म्हटल्यावर थोरलीला द्यायच्या वस्तू आल्या. दोन दुलया, एक गरम पाण्याची पिशवी, एक वाफारा घ्यायचं भांडं. थोरलीला त्या ओळखतही नव्हत्या.

मग एक फॉर्म आला, प्रत्येकाने आपलं वजन लिहायचा. मी साठ लिहिलं. ते माझं वजन होतं, एके काळी. ह्यांनी अडुसष्ट लिहिलं. काकांनी नोकरीत लागतानाच्या वैद्यकीय दाखल्यावरचा आकडा लिहिला, कारण तो सही-शिक्क्याचा होता. काकू म्हणाल्या, "पंचावन्न लिही. गोल आकडा बरा दिसतो." सासूबाईंनी एक्केचाळीस लिहायला सांगितलं.

गुरुवारी दहालाच आम्ही पोचलो. खाजगी विमानांचं ठिकाण म्हणजे मोठ्या विमानतळाच्या मागच्या अंगाला एक छोटी खोली, गुबगुबीत सोफे, फुकट कॉफीचं यंत्र. आणि कोपऱ्यात वजनकाटा. वैमानिक बाई माझ्या भाचीच्या वयाची. तिने हसून सगळ्यांना एकेक करून उभं केलं. माझ्या पाळीला काटा एकाहत्तरावर थांबला. तो आकडा तिने मोठ्याने वाचला, सहवैमानिकाने मोठ्याने पुन्हा म्हणून लिहिला. त्यांच्यात तशी पद्धत असते. काकूंचा आकडा मी इथे देत नाही, आम्हाला एकाच जिन्यावर राहायचंय. फक्त सासूबाई एक्केचाळीसच्या एक्केचाळीस भरल्या.

"सामान धरून ऐंशी किलो जास्त होतंय," वैमानिक म्हणाली. "तिकडची पट्टी आखूड आहे. एवढं वजन घेऊन मी नाही उतरवू शकत."

"पुन्हा मोजा," हे म्हणाले. "तीन वेळा मोजून सरासरी काढू."

तिसऱ्या वेळी ह्यांचंच वजन वाढलं, कारण मधल्या वेळात त्यांनी फुकटची कॉफी दोनदा घेतली होती.

अकरा वाजून दहा मिनिटं झाली. कारखान्याचे मालक तिकडे वाट बघत असणार, विमान थांबणार नव्हतं. हे खिशातून कागद काढून कोणाला ठेवायचं याचे रकाने आखायला लागले. एका बाजूला नाव, एका बाजूला किलो. काकू दुलई सोडायला तयार नव्हत्या. काका म्हणत होते की ते खिडकीशी उभे राहून येतील. आणि मी बघितलं, सासूबाईंची मान खाली गेली होती. इतके दिवस रोज सकाळी आठला तयार होऊन बसलेली बाई, विमान पन्नास पावलांवर उभं, आणि तिच्या मुलाच्या हातात पेन्सिल.

मी ह्यांच्या हातातली पेन्सिल काढून घेतली. दुसरं काही सुचलं नाही.

तेवढ्याने सासूबाईंनी मान वर केली. "मी जाते," त्या म्हणाल्या. "आणि माझ्याबरोबर ही. बाकीच्यांनी घरी जावं."

"अगं आई, तीन खुर्च्या रिकाम्या जातील."

"जाऊ देत."

काकांनी एवढंच म्हटलं, "वरून बघ हो सगळं. मला सांग." मी हो म्हटलं, आणि सबंध वाट नाक काचेला लावून बसले. शेतं, बांध, नदीचं वळण. काकांनी सरळ आखलेलं वरूनसुद्धा सरळच दिसत होतं, असं मी त्यांना आल्यावर सांगितलं. खरं म्हणजे अर्धी वाट ढग होते.

सासूबाई लांब बैठकीवर आडव्या होत्या, पट्टा बांधून. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "बँकेतल्या त्या बाईने विचारलं ना, सून दबाव टाकते का म्हणून."

"हो. तुम्ही फार वेळ घेतलात."

"मी मनात म्हटलं, हिने टाकला असता तर मागच्याच आठवड्यात पोचले असते."

मी पुन्हा ढग बघायला लागले.

थोरली खिडकीजवळच्या खाटेवर होती. एवढीशी झालेली. चाकाची खुर्ची खाटेला टेकवली तरी कितीतरी वेळ तिने डोळे उघडले नाहीत, आणि मला वाटलं आम्ही उशीर केला. मग तिने डोळे न उघडताच हात पुढे करून सासूबाईंचं मनगट चाचपलं.

"आलीस?"

"आले."

"किती वेळ लागला?"

"दीड तास."

"दीड तासाचीच वाट होती तर नऊ वर्षं काय करत होतीस?"

सासूबाई म्हणाल्या, "हं."

त्या संध्याकाळी थोरली चार घास जेवली, आणि मला ह्यांचा फोन आला. आवाज खोल गेलेला. त्यांना आत्ता कुठे एक गोष्ट सुचली होती. विमान एकीकडचं होतं. ते मालकांना घेऊन गेलंसुद्धा. परत यायचं कसं, हे काका, काकू, हे आणि मी, चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. ह्यांच्या फॉर्मात परतीचा रकानाच नव्हता. खरेदी विभागात माल एकदा आला की आला.

मी चार दिवसांनी एकतीस तासांच्या आगगाडीने आले. दुकान होतं. सासूबाई तिथेच राहिल्या. मऊ आवाजाच्या बाईंनी सांगितलं, मालक कधी तिकडे गेले तर विमान तिथून रिकामं परतेल, तेव्हा कळवीन. ठेवीतले पैसे उरले होते. तीन आठवड्यांनी त्यांनी कळवलं. मी सासूबाईंना फोन केला.

"पुढचं बघ," त्या म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात पुन्हा आलं. "या खेपेला नको. पाय दुखतोय."

तिसऱ्यांदा मी विचारलं, "आई, खरं सांगा, यायचंय का तुम्हाला?"

पलीकडे आवाज दबका झाला. "हळू बोल. हिला सांगितलंय, परतीचं विमान मिळत नाही म्हणून. नाहीतर म्हणेल, सुनेचे हाल होतात, जा घरी."

मी बरं म्हटलं. फोन ठेवणार, एवढ्यात पलीकडे कसलीशी हालचाल झाली. सासूबाईंना कोणीतरी पाणी आणायला पाठवलं, काठीचा आवाज लांब गेला, आणि फोनवर दुसरा आवाज आला, क्षीण पण स्पष्ट.

"मी थोरली बोलतेय. त्या विमानवाल्या बाईंना सांग, सवडीने करा. आणि हिला बोलू नकोस, मला ठाऊक आहे म्हणून."